पोटाचा घेर आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग



जमाखर्चाची पत्रके आणि विभागवार आढावा यांच्या जोडीला वार्षिक अहवालात आरोग्यविषयक एक माहितीपर लेख असावा, असा विश्वस्त मंडळाचा आग्रह असतो. यंदाचा विषय आम्हांला रुग्णांनीच सुचविला, असे म्हणण्यास हरकत नाही. आपल्या बाह्यरुग्ण विभागात उंची व वजन यांच्याबरोबर आता कमरेचा घेरही मोजला जातो आणि तो केसपेपरवर लिहिला जातो. ‘आम्ही डोळे दाखवायला आलो, पोट कशाला मोजता?’ हा प्रश्न नोंदणीच्या खिडकीशी आम्ही वरचेवर ऐकतो. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर देणे हे आमचे कर्तव्य आहे. मधुमेह व हृदयविकार यांच्याशी वाढत्या पोटाचा संबंध आता बहुतेकांना ठाऊक झाला आहे. परंतु मोठ्या आतड्याच्या कर्करोगाशीही त्याचे नाते आहे, हे फारच थोड्यांना माहीत असते. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे आहे. पुढील विवेचन वैद्यकीय सहकाऱ्यांकडून समजावून घेऊन, सामान्य वाचकाला कळेल अशा भाषेत मांडले आहे.

रोगाचे स्वरूप

अन्नमार्गाच्या शेवटच्या टप्प्यात सुमारे दीड मीटर लांबीचे मोठे आतडे असते. त्याच्या आतील अस्तरातील पेशी सतत झिजतात आणि दर चार-पाच दिवसांनी त्यांच्या जागी नव्या पेशी येतात. जुन्या पेशींनी वेळेवर मरावे आणि तेवढ्याच नव्या जन्माला याव्यात, असा हा निसर्गाचा चोख हिशेब आहे. त्यात बिघाड झाला की अस्तरावर लहानसा कोंब उगवतो. त्याला ‘पॉलिप’ म्हणतात. बहुतेक पॉलिप आयुष्यभर निरुपद्रवी राहतात. काहींमध्ये मात्र जनुकीय बिघाड एकावर एक साठत जातात आणि त्यांचे रूपांतर कर्करोगात होते. या प्रवासाला सामान्यतः दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो.

हा दीर्घ काळ हीच या रोगातील आशेची जागा आहे. पॉलिप वेळीच सापडला तर दुर्बिणीतूनच तो काढता येतो आणि कर्करोग होण्याआधीच टळतो. दुसऱ्या बाजूने पाहता, याच दहा-पंधरा वर्षांत शरीरातील वातावरण पॉलिपच्या वाढीला पोषक राहिले तर त्याचा मार्ग सुकर होतो. पोटाच्या चरबीचा आणि संप्रेरकांचा संबंध येतो तो येथे.

२०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार मोठे आतडे व गुदाशय यांच्या कर्करोगाचे सुमारे १९ लाख नवे रुग्ण त्या एका वर्षात आढळले आणि सुमारे ९ लाख रुग्ण दगावले. भारतातील नव्या रुग्णांची संख्या ७० हजारांच्या आसपास होती. आपल्या लोकसंख्येच्या मानाने ती अद्याप कमी आहे. परंतु हे प्रमाण कायम राहीलच असे नाही. जपानमधून हवाई बेटांवर स्थायिक झालेल्या कुटुंबांत हा रोग एक-दोन पिढ्यांतच वाढल्याचे विसाव्या शतकात दिसून आले होते. वंश तोच राहिला, पण आहार व राहणी बदलली. आपल्याकडे हा बदल घडण्यासाठी स्थलांतराचीही गरज उरलेली नाही.

मेद : कोठार की ग्रंथी?

चरबी म्हणजे शिल्लक अन्नाचे कोठार, अशी आपली समजूत असते. वैद्यकशास्त्रही दीर्घ काळ असेच मानत होते. १९९४ साली अमेरिकेतील रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लेप्टिन’ या संप्रेरकाचा शोध लावला आणि ही समजूत मागे पडली. लेप्टिन मेदपेशींतून रक्तात येते आणि शरीरात साठा किती आहे हे मेंदूला कळविते. म्हणजे मेद हे निमूट कोठार नसून संदेश पाठविणारी एक ग्रंथीही आहे, हे सिद्ध झाले.

सर्व मेद सारखा नसतो. मांड्या व नितंब यांवरील चरबी तुलनेने शांत असते. पोटाच्या आत, आतड्यांभोवती साठणारी चरबी मात्र फार क्रियाशील असते. तिच्यातील मेदाम्ले थेट यकृताकडे जाणाऱ्या शिरेत उतरतात. मेदाने भरलेले यकृत आणि स्नायू इन्शुलिनला पूर्वीसारखा प्रतिसाद देत नाहीत. याला ‘इन्शुलिन-प्रतिरोध’ म्हणतात. साखर आटोक्यात ठेवण्यासाठी मग स्वादुपिंडाला दुप्पट-तिप्पट इन्शुलिन सोडावे लागते. या काळात रक्तातील साखरेचा अहवाल अनेकदा अगदी सामान्य येतो, कारण वाढीव इन्शुलिन ती सावरून धरीत असते. एखाद्या पेढीची अखेरची शिल्लक ठीक दिसावी, पण त्यासाठी रोज कर्ज काढावे लागत असावे, तशीच ही स्थिती होय. ती वर्षानुवर्षे चालू राहू शकते.

इन्शुलिनचे दुसरे काम

इन्शुलिन साखर नियंत्रित करते हे सर्वश्रुत आहे. त्याचे दुसरे काम कमी परिचित आहे. ते वाढीचेही संप्रेरक आहे. ‘अन्न मुबलक आहे, वाढा आणि विभाजित व्हा’ असा निरोप ते पेशींना देते. शिवाय रक्तातील इन्शुलिन दीर्घ काळ चढे राहिले की ‘आयजीएफ-१’ नावाच्या इन्शुलिनसदृश वाढघटकाला बांधून ठेवणारी काही प्रथिने कमी होतात आणि तो घटक अधिक प्रमाणात मोकळा होतो. हे दोन्ही निरोप आतड्याच्या अस्तरातील पेशींपर्यंत पोहोचतात. परिणामी पेशींचे विभाजन वाढते आणि ज्या सदोष पेशींनी मरून जावयाचे त्या तग धरून राहतात. वाढीव इन्शुलिन हा आतड्याच्या कर्करोगाला पोषक दुवा असावा, ही कल्पना गेल इऑसेन यांनी १९९४ साली आणि एडवर्ड जोव्हानुची यांनी १९९५ साली मांडली. त्यानंतर या दिशेने पुष्कळ पुरावा जमा झाला आहे.

त्यांतील दोन उदाहरणे सामान्य वाचकालाही सहज पटावीत अशी आहेत. पहिले उदाहरण ‘ॲक्रोमेगली’ या आजाराचे. यात पीयूषिका ग्रंथीतून वाढीचे संप्रेरक अतोनात स्रवते, त्यामुळे आयजीएफ-१ वाढते आणि हात, पाय व जबडा मोठे होत जातात. अशा रुग्णांच्या मोठ्या आतड्यात पॉलिप अधिक आढळतात. म्हणून निदान होताच त्यांना आतड्याची दुर्बीण तपासणी सुचविली जाते.

दुसरे उदाहरण अगदी उलट टोकाचे आहे. दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर देशात ‘लॅरॉन सिंड्रोम’ असलेली काही कुटुंबे राहतात. जन्मजात दोषामुळे त्यांच्या शरीराला वाढीच्या संप्रेरकाचा निरोप कळत नाही. त्यांचे आयजीएफ-१ अत्यल्प असते आणि उंची खुजी राहते. यांतील ९९ व्यक्तींवर २२ वर्षे लक्ष ठेवण्यात आले आणि त्याचा अहवाल २०११ साली प्रसिद्ध झाला. त्या सर्वांत मिळून कर्करोगाचा एकच रुग्ण आढळला, तोही जिवावर न बेतलेला. मधुमेह तर एकालाही झाला नव्हता. त्याच घरांतील सामान्य उंचीच्या नातेवाइकांना मात्र हे दोन्ही रोग होत होते. विशेष म्हणजे यांतील अनेकजण अंगाने स्थूल होते, पण त्यांच्या रक्तातील इन्शुलिन कमी होते. यावरून वजनाच्या आकड्यापेक्षा त्यामागील संप्रेरकांचा हिशेब अधिक महत्त्वाचा असावा, असे दिसते.

येथे एक खुलासा अत्यावश्यक आहे. मधुमेहासाठी इन्शुलिनची इंजेक्शने घेणाऱ्या कोणीही हा लेख वाचून ती थांबवू नयेत वा कमी करू नयेत. अनियंत्रित साखरेचा धोका निश्चित आणि निकटचा असतो. औषधात कोणताही बदल डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावा.

इतर साथीदार

इन्शुलिन या कामी एकटे नसते. चरबी वाढली की लेप्टिन वाढते आणि प्रयोगशाळेतील अभ्यासांत ते आतड्याच्या पेशींच्या वाढीला उत्तेजन देताना आढळले आहे. याउलट ‘ॲडिपोनेक्टिन’ हे मेदपेशींचेच एक हितकारक संप्रेरक इन्शुलिनचा परिणाम सुधारते व दाह कमी करते. चरबी वाढू लागली की नेमके तेच कमी होते. मेदाच्या साठ्यात शिरलेल्या रोगप्रतिकारक पेशी दाह निर्माण करणारी द्रव्ये सोडू लागतात. हा दाह ताप आणीत नाही किंवा वेदनाही देत नाही, परंतु पेशींना सतत चिथावणी देत राहतो.

स्त्रियांच्या बाबतीत हिशेब थोडा निराळा आहे. स्थूलता आणि आतड्याचा कर्करोग यांचा संबंध पुरुषांत अधिक ठळक दिसतो. इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचे काही संरक्षण स्त्रियांना मिळत असावे, असे मानले जाते. म्हणून स्त्रियांनी निर्धास्त राहावे असा मात्र याचा अर्थ नाही. रजोनिवृत्तीनंतर होणारा स्तनाचा कर्करोग आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग यांच्याशीही स्थूलतेचा संबंध प्रस्थापित झालेला आहे.

आतड्याचे स्वतःचेही एक संप्रेरक आहे. त्याचे नाव ‘ग्वानिलिन’. अस्तरातील पेशींची वाढ मर्यादेत ठेवण्यास ते साह्य करते. फिलाडेल्फियातील संशोधकांनी २०१६ साली उंदरांवरील प्रयोगांत दाखविले की, अतिरिक्त उष्मांकांच्या आहाराने हे संप्रेरक जवळजवळ बंद पडते आणि गाठींना वाव मिळतो. उंदरांवरील निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही. तरीही अतिआहाराचा परिणाम किती खोलवर जाऊ शकतो, याची कल्पना त्यावरून येते.

जोखीम नेमकी किती?

आकड्यांशी रोजचा संबंध असल्यामुळे या प्रश्नाकडे आमचे लक्ष विशेष जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली उपलब्ध पुराव्यांची छाननी केली. अतिरिक्त मेद टाळल्याने तेरा प्रकारच्या कर्करोगांची जोखीम कमी होते, असा निष्कर्ष तिने काढला. त्यांत मोठ्या आतड्याचा व गुदाशयाचा कर्करोग आहे. अतिस्थूल व्यक्तींमध्ये या रोगाची जोखीम प्रमाणशीर वजनाच्या व्यक्तींपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी अधिक आढळते. मधुमेही व्यक्तींमध्येही वाढ जवळपास तेवढीच दिसते.

या टक्केवारीचा अर्थ नीट समजून घ्यावा. शंभर स्थूल माणसांपैकी तीस जणांना कर्करोग होईल, असा तो अर्थ नव्हे. प्रमाणशीर वजनाच्या एखाद्या मोठ्या समूहात ठरावीक काळात १०० रुग्ण होत असतील, तर तेवढ्याच मोठ्या स्थूल समूहात सुमारे १३० होतील, एवढाच त्याचा अर्थ. एका व्यक्तीच्या दृष्टीने ही वाढ माफक आहे. परंतु ज्या समाजात स्थूलतेचा प्रसार मोठा आहे, तेथे या माफक वाढीची बेरीज फार मोठी होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साह्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार ३९.५ टक्के प्रौढांमध्ये पोटाची स्थूलता होती, म्हणजे दर पाच जणांत दोघे. मधुमेहींची संख्या १० कोटींवर होती.

वरून किडकिडीत, आतून मेदयुक्त

‘आमच्या घरात कोणी लठ्ठ नाही’ असे म्हणणाऱ्या वाचकांनी पुढील परिच्छेद अवश्य वाचावा. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या प्रमाणातील वजनाचा निर्देशांक, अगदी एकच होता : २२.३. परंतु डॉ. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. वजनकाट्याने दोघांना एकाच मापात तोलले होते. शरीराच्या आतली स्थिती मात्र भिन्न होती.

याचे मूळ जन्मापूर्वीच असल्याचे डॉ. याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील गावांत केलेल्या अभ्यासातून दिसून आले. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते, तर इंग्लंडमधील बालकांचे सुमारे ३.५ किलो. आपली बाळे स्नायूंच्या बाबतीत बरीच उणी होती, पण त्या मानाने त्यांची चरबी फारशी उणी नव्हती. पुढे खाणे वाढले व श्रम घटले की हात-पाय बारीक आणि पोट पुढे, असा परिचित बांधा तयार होतो. म्हणूनच भारतीयांसाठी २००९ साली तज्ज्ञांनी सुचविलेल्या मर्यादा कडक आहेत. निर्देशांक २३ च्या पुढे गेला की अधिक वजन, आणि २५ पासून स्थूलता. कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटरपेक्षा आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा कमी असावा. म्हणजे अनुक्रमे सुमारे साडेपस्तीस व साडेएकतीस इंच.

मोजपट्टी लावताना ताठ उभे राहावे. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज बाहेर सोडल्यावर मोजावे. पँटचा पट्टा किंवा साडीचा नाडा जेथे बसतो ती जागा बहुधा खाली असते आणि आकडा फसवा येतो. पोट आत ओढल्याने फसवणूक केवळ स्वतःचीच होते.

काय करता येईल?

वजन एकदम निम्म्यावर आणण्याची गरज नसते. आहे त्या वजनात ५ ते १० टक्के घट झाली तरी इन्शुलिनचा परिणाम सुधारतो. चालणे हा सर्वांत स्वस्त उपाय. काम करणारे स्नायू साखर उचलून घेतात आणि स्वादुपिंडावरील भार हलका होतो. आठवड्यातून निदान १५० मिनिटे भरभर चालावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

आहारात ज्वारी, बाजरी, नाचणीची भाकरी, सालासकट डाळी, मोड आलेल्या कडधान्यांची उसळ, पालेभाज्या आणि कोशिंबीर यांना पुन्हा मानाचे स्थान द्यावे. यांतील तंतुमय भागापासून आतड्यातील जिवाणू जी आम्ले बनवितात, ती अस्तराच्या पेशींचे पोषण करतात. दिवसातून चार-पाच वेळा घेतलेला साखरेचा चहा, त्यासोबतची बिस्किटे व खारी, सायंकाळचे फरसाण आणि उपवासाच्या नावाखाली खाल्लेली भरपेट साबुदाण्याची खिचडी यांचा हिशेब प्रत्येकाने स्वतःशी मांडावा. तंबाखू व मद्य यांनीही या रोगाची जोखीम वाढते. तसेच सॉसेज, सलामी यांसारख्या टिकवलेल्या मांसाचा समावेश २०१५ साली कर्करोगकारक पदार्थांत झाला आहे.

ज्यांना हा रोग होऊन गेला आहे त्यांच्यासाठीही एक दिलासा आहे. आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया व केमोथेरपी पूर्ण झालेल्या ८८९ रुग्णांचा अभ्यास प्रामुख्याने कॅनडा व ऑस्ट्रेलियात झाला आणि २०२५ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला तीन वर्षे मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली व्यायाम दिला, दुसऱ्याला केवळ माहितीपुस्तिका. पाच वर्षांनंतर व्यायाम करणाऱ्या गटात शंभरातील सुमारे ८०, तर दुसऱ्या गटात सुमारे ७४ जण रोगमुक्त होते. व्यायाम हा उपचारांनंतर दिला होता, उपचारांऐवजी नव्हे, याचे विस्मरण होऊ नये.

विलंबाची किंमत

शौचावाटे रक्त पडणे, शौचाच्या सवयीत काही आठवडे टिकणारा बदल, सतत पोटदुखी, कारणाशिवाय घटणारे वजन, आणि पुरुषांत किंवा रजोनिवृत्त स्त्रियांत आढळलेला रक्तक्षय, ही लक्षणे अंगावर काढू नयेत. रक्त दिसले की ‘मूळव्याध असेल’ असे गृहीत धरून महिनोन्‌महिने मलम, चूर्णे आणि ऐकीव उपाय करणारे रुग्ण आम्ही नेहमी पाहतो. बहुधा ती मूळव्याधच असते, हेही खरे. पण ते ठरविण्यासाठी तपासणी हवी, अंदाज पुरेसा नाही. वजन प्रयत्नाशिवाय उतरू लागले तर त्याचा आनंद मानू नये. त्याचे कारण शोधावे.

आई-वडील, भावंडे वा मुले यांपैकी कोणाला हा रोग झाला असेल तर लक्षणांची वाट न पाहता चाळिशीत, किंवा त्या नातेवाइकाचे निदान ज्या वयात झाले त्याच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे वय आधी येईल त्या वेळी दुर्बीण तपासणीविषयी डॉक्टरांना विचारावे. अमेरिकेत सर्वसामान्यांसाठी तपासणीचे वय २०२१ साली ५० वरून ४५ वर आणण्यात आले, कारण तरुणांत हा रोग वाढत आहे. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात मुख, स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाचणी आहे, मोठ्या आतड्याची नाही. त्यामुळे जागरूकतेची जबाबदारी अधिक प्रमाणात रुग्णावर आणि त्याच्या कुटुंबीयांवर येते.

अमेरिकेतील नोंदींनुसार हा रोग आतड्यापुरता मर्यादित असताना सापडला तर ९० टक्क्यांच्या आसपास रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. तो दूरच्या अवयवांत पसरल्यावर हे प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास येते. या दोन आकड्यांमधील अंतर रुग्णालयाच्या कार्यालयात बसून आम्हांला निराळ्या रूपांत दिसते : शेत गहाण ठेवणारा मुलगा, शिक्षण सोडून कामाला लागलेली मुलगी, निर्धन रुग्ण निधीसाठी आलेला अर्ज. तो निधी अशा कुटुंबांसाठीच आहे आणि तो आपणां सर्वांच्या औदार्यावर उभा आहे. परंतु लाखोंचा खर्च करूनही जे साधत नाही, ते काही रुपयांची मोजपट्टी आणि वेळेवर केलेली तपासणी कित्येकदा साधून देते.

म्हणून डोळे दाखविण्यासाठी आलेल्याचेही पोट आम्ही मोजतो. मोजमाप परिचारिका करतात आणि स्त्रियांसाठी पडद्याआड स्वतंत्र व्यवस्था आहे. यासाठी वेगळे शुल्क नाही. घेर मर्यादेबाहेर असल्यास रक्तदाब व साखर तपासली जाते आणि आहारतज्ज्ञांकडे पाठविले जाते. कुटुंबात आतड्याच्या कर्करोगाचा इतिहास असल्यास तसे केसपेपरवर नोंदविले जाते. आपण पुढील भेटीत याल तेव्हा आपला आकडा विचारून घ्यावा आणि घरातील इतरांचाही मोजावा, एवढीच विनंती करून हे निवेदन पूर्ण करतो.